उत्तर विस्कॉन्सिनमधला हरणाचा खाटीक: पाचपैकी चार

आधी हे दुकान कशाचं ते सांगते, कारण कारंजाला आईला फोनवर समजावताना माझी पंधरा मिनिटं गेली. इथे हरणाचं मटण विकत मिळत नाही. रानात मारलेल्या हरणाचं मांस विकायला अमेरिकेत बंदी आहे. आपण आपलं हरीण घेऊन जायचं, ते सोलून, हाडं काढून, कापून, खिमा करून, कागदात बांधून परत देतात. "म्हणजे गिरणी," आई म्हणाली. "दाणे आपले, दळण त्यांचं." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण एक तक्रार आहे आणि माणसं चांगली आहेत. राज्याची राजधानी मॅडिसन, तिथून गाडीने साधारण चार तास वर, जंगलपट्ट्यात. कुणाला खरंच जायचं असेल तर मेसेज करा.

शिकारीचा माझा हा तिसरा हंगाम. शेजारचे काका एकाहत्तर वर्षांचे, आयुष्यभर दूधडेअऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली. त्यांच्या वडिलांनी साठच्या दशकात बांधलेली केबिन त्या जंगलात आहे. मुलं बरोबर यायची बंद झाली, म्हणून मला विचारलं. माझा जन्म १९७३ नंतरचा, त्यामुळे आधी शिकारीचा सुरक्षा-वर्ग करावा लागला. नारिंगी जाकीट घेतलं आणि नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी पहाटे मचाणावर जाऊन बसले. त्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा हंगाम असतो. नवरा शाकाहारी. तो घरी राहून मुलांना वरणफळं करून घालतो आणि मी काय आणते याची वाट न बघता बघतो.

पहिली दोन वर्षं मी एकही हरीण पाहिलं नाही. मारलं नाही असं नव्हे, दिसलंच नाही. खारी दिसल्या, साळींदर दिसलं, ताज्या बर्फात लांडग्याच्या पावलांची सरळ ओळ दिसली. केबिनच्या मागे दोन मेपलच्या खोडांमध्ये एक आडवी बल्ली बांधलेली आहे, तिच्यावर हरणं टांगायची. काका सांगतात, त्यांच्या तरुणपणी शनिवारी संध्याकाळपर्यंत ती भरलेली असायची. दोऱ्यांनी घासून पडलेल्या खाचा मी बोटाने मोजल्या, चौदा. या वर्षी एक दोर होता, तोही माझ्या हरणाचा. रविवारी संध्याकाळी, उजेड जाण्याआधी, सहा टोकांच्या शिंगांचा एक लहानसा नर समोरच्या दलदलीतून आला आणि काकांच्या जुन्या बंदुकीने मी तो पाडला. आतडी काढताना काकांनी फक्त कंदील धरला. "तुझं आहे, तूच कर," म्हणाले.

आता दुकान. मागच्या दाराशी गाडी लावायची, एक पोरगा येऊन हरीण काट्यावर घेतो. माझं भरलं १२२ पौंड, आतडी काढून. पोराने विचारायच्या आधीच पाठीच्या मांसात हात घालून गारवा पाहिला. गोळी कुठे लागली, किती वाजता मारलं, रात्री बाहेर किती थंड होतं, हेही विचारलं. नोव्हेंबरात कधीकधी भलतीच ऊब पडते आणि मांस आंबतं, म्हणून ही विचारपूस. मला तिथेच दुकान आवडलं. नंबराचा बिल्ला एक पायाला, एक डोक्याला, एक माझ्या हातात. कातडं दुकानाला दिलं तर हातमोज्यांचा जोड मिळतो. मी दिलं.

मग मालकीणबाई एक छापील कागद पुढे करतात. पाठीचं मांस अख्खं की काप? मांड्यांचं रोस्ट की स्टेक? उरलेल्याचा खिमा साधा, की डुकराची चरबी घालून? सॉसेज किती पौंड, त्यात चीज, हालापेन्यो मिरची? पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझा सल्ला: खिमा साधाच घ्या. हरणाच्या अंगात चरबी फार नसते, म्हणून बर्गरवाले डुकराची घालतात. पण आपल्याला कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवायचाय, तिथे तेल आपलं आपण घालतोच. नळ्या मात्र तोडून मागून घ्या. त्यांच्याकडे त्या टाकून देतात. मी मागितल्या तेव्हा बाईंनी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि मग पावतीवर ठळक अक्षरांत लिहून घेतलं. त्या पाच तास मंद आचेवर ठेवल्या, काळा मसाला घालून. नवऱ्याने वासावरून खिडकी उघडली, पण मुलीने हाडं चोखली.

फोनवर सांगितलेल्या दिवसाच्या दोन दिवस आधीच माल तयार झाला. ५१ पौंड परत मिळालं. १२२ मधून ५१ म्हणजे चोरी झाली असं वाटणाऱ्यांनी कातडं, डोकं, हाडं आणि गोळीने नासलेला खांदा वजा करून बघावं. हिशोब चोख आहे. काप एकसारखे, पांढरा पातळ पडदा काढलेला, बाहेर जाड कागद आणि त्यावर तारीख. फ्रीझरमध्ये तीन महिन्यांनीही बर्फाची बुरशी नाही.

तक्रार सॉसेजची. पाकिटांवर माझा नंबर होता, पण दोन पाकिटांवर दुसराच. विचारल्यावर बाईंनी लपवाछपवी केली नाही. सॉसेजचा घाणा मोठा असतो, एकेकाचं पाच-दहा पौंड वेगळं काढत बसलं तर यंत्र धुण्यातच दिवस जातो, म्हणून तीन-चार जणांचं मांस एकत्र जातं आणि वजनाप्रमाणे वाटलं जातं. वेगळा घाणा हवा तर पंचवीस पौंडांच्या वर, आणि जादा पैसे. हे कागदावर खाली बारीक अक्षरांत छापलेलं आहे म्हणे. गिरणीत आपल्या ज्वारीत दुसऱ्याची दोन मुठी ज्वारी आली तर आई बोलते, पण भाकरी खाते. इथे तसं चालत नाही, आणि त्याला कारण आहे.

ते कारण म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. इथे सगळे सीडब्ल्यूडी म्हणतात. हरणाच्या मेंदूतली प्रथिनं विकृत होत जातात, जनावर झिजत झिजत मरतं. विस्कॉन्सिनमध्ये तो पहिल्यांदा सापडला २००२ मध्ये, माउंट होरेबजवळ, म्हणजे माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. माणसाला झाल्याची नोंद नाही, पण शिजवून तो नष्ट होत नाही, आणि चाचणीत रोग सापडलेलं मांस खाऊ नका असं आरोग्य खातं सांगतं. राज्य ही चाचणी फुकट करून देतं. दुकानातच डोकं ठेवून घेतात, घशामागच्या गाठी काढून प्रयोगशाळेत जातात. माझा निकाल नवव्या दिवशी फोनवर आला: आढळला नाही. पण माझ्या सॉसेजमध्ये ज्यांचं मांस आहे त्या बाकीच्यांनी डोकी दिली होती का? बाईंना माहीत नव्हतं. ती दोन पाकिटं मी ठेवून आले. एक तारा त्याचाच कापलाय. बारीक अक्षरांतली ही ओळ कागदाच्या डोक्यावर मोठी छापा, एवढंच माझं म्हणणं.

पण या दुकानात जाण्याचं निम्मं कारण रांग आहे. आतल्या थंड खोलीचं दार उघडलं की छताला तीन लांब रूळ आणि त्यांवर हूक दिसतात. मी गेले तेव्हा एक रूळ भरला होता, दुसऱ्यावर पाच-सहा, तिसरा मोकळा. रांगेतला प्रत्येक माणूस दार उघडलं की मान वाकडी करून तो तिसरा रूळ बघत होता आणि मग हरणं कुठे गेली यावर बोलायला लागत होता.

एकजण म्हणाला, लांडगे. २०२१ च्या फेब्रुवारीत राज्याने लांडग्यांचा हंगाम उघडला, तीन दिवसही पुरे झाले नाहीत आणि २१८ लांडगे मारले गेले, ठरलेल्या आकड्याच्या कितीतरी पुढे. पुढच्या वर्षी कोर्टाने संरक्षण परत दिलं. "आणि आम्ही पांढऱ्या बर्फाकडे बघत बसतो." दुसरा म्हणाला, लांडग्यांचं काय घेऊन बसलात, २०२२-२३ चा बर्फाचा हिवाळा आठवा. तिसऱ्याचा राग माद्या मारायच्या परवान्यांवर. आपल्या परवान्यात एक नर मिळतो, दक्षिणेच्या शेतपट्ट्यातली मादी मिळते. उत्तरेच्या जंगलात मादी मारायची तर वेगळा, मोजका परवाना घ्यावा लागतो. किती काढायचे ते काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी, हरीण-सल्लागार समिती सुचवते. २०१४ पासून या समित्या आहेत, कळप वाढवायचा, आहे तेवढा ठेवायचा की कमी करायचा हे त्या ठरवून सांगतात. तिसरा म्हणाला, "एक मादी मारली की पुढच्या वर्षीची तीन हरणं मारली." गोठ्यातल्या कालवडी विकू नका म्हणणारे माझे आजोबा हेच बोलायचे.

काका तेवढा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जंगल म्हातारं झालंय." त्यांच्या तरुणपणी लाकूडतोडीनंतर ॲस्पेनची कोवळी रोपं कमरेइतकी उगवायची, हरणाच्या तोंडाच्या उंचीला. आता झाडं उंच झाली, खाली सावली, खायला काही नाही. रांगेत कुणी मान डोलावली नाही. लांडग्यावर रागावता येतं, सावलीवर कसं रागावणार.

मला काकांचं आणि हिवाळावाल्याचं पटतं. हिवाळ्याचा हिशोब राज्य काटेकोर ठेवतं: डिसेंबर ते एप्रिल, बर्फ अठरा इंच किंवा जास्त असलेल्या प्रत्येक दिवसाला एक गुण, पारा शून्य फॅरनहाइट किंवा खाली गेला तर आणखी एक. गुण वाढले की वसंतात पाडसं कमी. त्या हिवाळ्यानंतरच्या हंगामात, २०२३ मध्ये, नऊ दिवसांत राज्यभर सुमारे १ लाख ७४ हजार हरणं नोंदली गेली. २००० साली बंदुकीच्या हंगामांत हा आकडा पाच लाखांच्या वर होता. गंमत अशी की माझ्या घरामागे, दक्षिणेत, हरणं इतकी आहेत की मेथीचा वाफा जाळीत ठेवावा लागतो. आणि मी त्यांना सोडून चार तास गाडी चालवून, हरणं नसलेल्या रानात जाऊन बसते. नवरा हे दर नोव्हेंबरात एकदा बोलून दाखवतो.

सरकारी आकड्यांवर रांगेत कुणाचाच विश्वास नाही, आणि ते आजचं नाही. १९४३ मध्ये पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर माद्या मारायला परवानगी दिली, तेव्हा लोकांनी त्याला 'त्रेचाळीसचा गुन्हा' म्हटलं; त्या बाजूने बोलणारा वन्यजीव-अभ्यासक आल्डो लिओपोल्ड याच मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवायचा. पुढे सीडब्ल्यूडी आल्यावर 'आधी मादी मारा, मग नर' हा नियम जोरात लावला, लोक इतके चिडले की २०११ मध्ये विधिमंडळाने तो काढून टाकला. अविश्वासाचं एक साधं कारण मात्र मला मालकीणबाईंनी दाखवलं. दाराशेजारच्या भिंतीवर एक चौकोन पुसट रंगाचा आहे, तिथे पूर्वी 'नोंदणी केंद्र' अशी पाटी होती. २०१५ च्या आधी प्रत्येक हरीण अशा केंद्रावर आणून दाखवावं लागायचं. ट्रक उघडायचे, पोरं शिंगं मोजायची, गावाला कळायचं कुणी काय मारलं. आता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फोनवरून नोंद केली की झालं. मीही केली, मचाणाखाली उभं राहून, दोन मिनिटांत. सोय आहेच. पण डोळ्यांनी मोजलेलं माणूस मानतो, आणि आता मोजायला उरलाय तो हा तिसरा रूळच.

वाशिमकडे याच्या उलट रांग लागते. तिथे रोही आणि रानडुकरं सोयाबीन झोपवतात, भाऊ रात्री टॉर्च घेऊन बांधावर असतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हात बांधलेले. मी हे रांगेत सांगितलं तर तिसरा माणूस म्हणाला, "थोडी इकडे पाठव." मी म्हटलं, भावाला विचारते.

दर: सोलून-कापून-बांधून १४० डॉलर, सॉसेज वेगळं. रोख दिलं तर बाई सुटे पाच डॉलर सोडतात. शनिवारी दुपारनंतर जाऊ नका, रविवारी सकाळी जा. सॉसेज घ्यायचंच असेल तर पंचवीस पौंडांचा वेगळा घाणा घ्या, नाहीतर खिम्यावर भागवा. पुढच्या वर्षी हरणाचं काम चालू ठेवायचं की फक्त गाय-डुक्कर करायचं, हे बाई मार्चमध्ये ठरवणार आहेत, तेव्हा निघण्याआधी फोन करा.

हातमोजे चांगले आहेत, पण एकच माप होतं आणि मला मोठं झालं. नवरा ते घालून बर्फ काढतो.