मायसिड की क्रिल? कोळंबीसारखा दिसणारा नमुना कोणत्या गणात घालावा

जाळीतून आलेल्या दोनेक सेंटिमीटर लांबीच्या, पारदर्शक, कोळंबीसारख्या प्राण्याची नोंद करायची वेळ येते, तेव्हा निवड बहुतेकदा दोन गणांत करावी लागते: मायसिडा, म्हणजे मायसिड, आणि युफॉसिएसिया, म्हणजे क्रिल. दोघांचेही डोळे देठावर असतात, वक्षावर पृष्ठकवच, म्हणजे पाठीवरून झाकणारे आवरण, असते, वक्षावरचे पाय दुभागलेले असतात आणि शेपटी पंख्यासारखी पसरते. या साम्यामुळेच एकोणिसाव्या शतकात बराच काळ दोघांना ‘शिझोपोडा’ या एकाच गटात बसवले जात असे. प्राणिशास्त्रज्ञ बोआस यांनी १८८३ मध्ये त्यांची फारकत केली आणि कॅल्मन यांनी १९०४ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात मायसिड पेराकॅरिडा या महागणात, तर क्रिल युकॅरिडा या महागणात गेले. म्हणजे मायसिडचे जवळचे नातलग अँफिपॉड आणि आयसोपॉड हे छोटे कवचधारी प्राणी, तर क्रिलचे जवळचे नातलग खरी कोळंबी आणि खेकडे. नमुना अँफिपॉडचा तर नाही ना, हा प्रश्न इथेच मिटवता येतो: त्यांना पृष्ठकवच नसते, डोळ्यांना देठ नसतो आणि शरीर दोन्ही बाजूंनी चपटे असते.

निर्णयासाठी माझा पहिला भर कल्ल्यांवर राहील. क्रिलच्या पायांच्या बुडाशी पिसांसारखे कल्ले असतात आणि ते पृष्ठकवचाच्या कडेखाली उघडे दिसतात. मायसिडमध्ये असे कल्ले नसतातच. त्यानंतर नमुना भिंगाखाली आडवा ठेवून पृष्ठकवचाची मागची कड सुईने हलकेच उचलून पाहावी. मायसिडमध्ये हे कवच वक्षाच्या पहिल्या तीन-चार खंडांनाच जोडलेले असते, त्यामुळे मागचे खंड त्याखाली मोकळे दिसतात, तर क्रिलमध्ये ते वक्षाच्या सर्व खंडांशी एकजीव झालेले असते. पुढे शेपटीकडे वळावे. बहुतेक मायसिडच्या पुच्छपादांच्या, म्हणजे शेपटीच्या पंख्यातील बाजूच्या पात्यांच्या, आतील फाट्यात, बुडाजवळ, एकेक गोल, चमकदार मणी दिसतो. हे त्यांचे तोल सांभाळणारे इंद्रिय होय आणि त्यातील खडा पुष्कळ जातींत कॅल्शियम फ्लोराइडचा असतो. मणी दिसला तर नमुना मायसिडचा आहे, याविषयी शंका उरत नाही. तो दिसला नाही म्हणून मात्र मायसिड नाकारू नये, कारण पेटॅलोफ्थॅल्मिडी या कुलात तो नसतो. क्रिलची स्वतःची खूण म्हणजे प्रकाशग्रंथी. युफॉसिया या क्रिलच्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) त्या डोळ्यांच्या देठांवर, दुसऱ्या व सातव्या वक्षपादांच्या बुडाशी आणि उदराच्या पहिल्या चार खंडांच्या खालच्या बाजूस, अशा एकूण दहा असतात.

अधिवासाचा पुरावा मी यानंतरच विचारात घेईन, कारण तो मुळात प्रजननाच्या पद्धतीतून येतो. मायसिडची मादी अंडी पायांच्या बुडाशी असलेल्या पातळ पत्र्यांच्या शिशुधानीत सांभाळते आणि तिथून बाहेर पडणारे पिल्लू प्रौढाचीच छोटी आवृत्ती असते; पाण्यात वाहत जाणारी, प्रौढाहून वेगळ्या रूपाची डिंभावस्था त्यांना नसते. त्यामुळे खाडीमुखे, शैवालाची बेटे, तळालगतचे काही सेंटिमीटर पाणी अशा लहान व बदलत्या जागीही त्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. काही मायसिड तर गोड्या पाण्याच्या तलावांत आणि गुहांतही राहतात. याउलट बहुसंख्य क्रिल अंडी पाण्यात मोकळी सोडतात. अंटार्क्टिक क्रिलची, म्हणजे युफॉसिया सुपर्बाची, अंडी शेकडो मीटर खोल बुडत जातात, तिथे फुटतात आणि डिंभ अवस्था पालटत पुन्हा वर चढतात. अशा जीवनक्रमाला खोल, खुला समुद्रच लागतो. क्रिलच्या ८६ ज्ञात जातींपैकी एकही गोड्या पाण्यात राहत नाही, हा मुद्दा निर्णयात फार उपयोगी पडतो.

तरीही केवळ जागा पाहून निर्णय घेणे मला धोक्याचे वाटते. निक्टिफेनीज या क्रिल-प्रजातीतील ऑस्ट्रेलिस ही जाती आग्नेय ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात मोठ्या संख्येने राहते आणि तिच्या माद्या अंडी अंगाखाली वाहून नेतात. किनाऱ्याजवळचे पाणी आणि पोटाशी अंडी, एवढ्यावरून ती सहज मायसिड ठरेल. पण तिच्या अंड्यांभोवती पत्र्यांची शिशुधानी नसते, अंड्यांतून डिंभच बाहेर पडतात आणि कल्ले उघडे असतात. उलट बोरिओमायसिस प्रजातीचे मायसिड खोल समुद्रात सापडतात.

नमुना मायसिड ठरल्यावर जातीपर्यंत जाताना अधिवास अधिक विश्वासाने वापरता येतो. ईशान्य अटलांटिकच्या उथळ पाण्यातील दोन नेहमीच्या जाती घ्या. निओमायसिस इंटेजर नदीमुखांतील निमखाऱ्या पाण्यात, जवळजवळ गोड्या पाण्यापर्यंत, थव्यांनी राहते; तिचे पुच्छखंड, म्हणजे शेपटीच्या पंख्याचा मधला भाग, निमुळते होत जाते आणि त्याच्या टोकाला खाच नसते. प्रॉनस फ्लेक्सुओसस समुद्रशैवालात व सागरी गवतात अंग वाकवून तरंगत राहतो, परिसरानुसार रंग बदलतो आणि त्याच्या पुच्छखंडाच्या टोकाला खोल खाच असते. दोघांच्या शृंगिकेवरचे, म्हणजे डोक्यावरील मिशीसारख्या स्पर्शेंद्रियावरचे, लांब पातेही तपासावे: निओमायसिसमध्ये त्याच्या दोन्ही कडांना केस असतात, प्रॉनसमध्ये बाहेरची कड गुळगुळीत असून तिचा शेवट काट्यात होतो. या दोघांचे अधिवास काही ठिकाणी एकमेकांत मिसळतात आणि प्रॉनस विसाव्या शतकापासून उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरही आढळतो. म्हणून नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाणाबरोबरच पाण्याची क्षारता, खोली, तळापासूनचे अंतर आणि दिवस की रात्र हे लिहावे. मायसिड दिवसा तळालगत असतात आणि रात्री वर येतात, त्यामुळे वेळेच्या नोंदीशिवाय खोलीचा आकडा अपुरा राहतो.