‘गॅस कमी झालाय’ या वाक्याचे तीस हजार रुपये

माझ्याकडे एकच सतरा आसनी गाडी आहे आणि ती मी स्वतः चालवतो. अकोल्याहून शेगाव, चिखलदरा अशा सहली आणि हंगामात लग्नांची वऱ्हाडे, एवढाच माझा धंदा. गेल्या उन्हाळ्यात या गाडीचा एसी दुरुस्त करून घेण्याच्या नादात माझे तीस हजार रुपये गेले. पैशांचे दुःख आहेच, परंतु त्याहून गंभीर गोष्ट अशी की निदान दोन आठवडे, आणि कदाचित दीड महिना, मी गाडीत सतरा माणसे बसवून एसीच्या नळ्यांतून स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस फिरवत होतो आणि मला त्याची गंधवार्ताही नव्हती.

तक्रार साधी होती. मार्चअखेरीस ऊन तापू लागले, तसा मागच्या बाकांवरचा गारवा कमी झाला. मोकळ्या रस्त्यावर गाडी साठ-सत्तरच्या वेगाने धावत असली की एसी बरा चाले. रात्रीच्या फेरीत तर कोणी तक्रारच करत नसे. मात्र दुपारी गावात शिरलो किंवा टोलनाक्यावर रांगेत थांबलो की पाच-सात मिनिटांत छतावरच्या जाळ्यांतून कोमट वारा येऊ लागे. हे सारे मी गॅरेजवाल्याला जसेच्या तसे सांगितले होते. खरे निदान या वर्णनातच होते, हे मला फार उशिरा कळले. त्याला ते तेव्हाच कळले असावे, असे माझे मत आहे.

त्याने बॉनेट उघडून दाब मोजायच्या गेजची फक्त निळी नळी जोडली, काट्याकडे एकवार पाहिले आणि म्हणाला, “गॅस कमी झालाय भाऊ, टाकावा लागते.” गॅस गेला कुठे, असे मी विचारले तेव्हा दरवर्षी थोडा थोडा उडतोच, असे उत्तर मिळाले. बाजूला गरम पाण्याची बादली होती आणि तीत रंग खरवडलेली, कसलेही लेबल नसलेली एक छोटी टाकी उभी केलेली होती. त्या टाकीकडे मी बघत होतो आणि तरीही मला प्रश्न पडला नाही, याची मला आजही लाज वाटते. दोन हजार आठशे रुपये दिले. त्या संध्याकाळी गाडी खरोखरच गार वाटली, कारण ऊन उतरले होते.

अठरा दिवसांनी पुन्हा तेच झाले. पुन्हा दोन हजार आठशे घेतले गेले, शिवाय ‘कूलिंग बूस्टर’ नावाच्या एका छोट्या बाटलीचे नऊशे वेगळे. मे महिन्याच्या सुरुवातीला मी तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा त्याने मान हलवत कॉम्प्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबून फिरवणारा पंप, गेल्याचे जाहीर केले. ‘कंपनीचा नवा’ कॉम्प्रेसर, गॅस आणि मजुरी मिळून तेवीस हजार पाचशे रुपये झाले. लग्नांच्या तारखा तोंडावर होत्या आणि आगाऊ रकमा घेतलेल्या होत्या, त्यामुळे मी हो म्हटले. बिल मागितले तर एका वहीच्या कागदावर आकडे लिहून दिले; पक्के बिल हवे असेल तर अठरा टक्के जीएसटी वर लागेल, असे बजावले. जुना कॉम्प्रेसर मागितला, तर तो भंगारात वजा धरला आहे, असे म्हणाला. मी गप्प बसलो.

मेच्या मध्यावर अमरावतीचे एक वऱ्हाड नेले. अकोल्यात त्या दिवसांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकलेला असतो, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो तेव्हा मागच्या बाकावरच्या एका आजींना भोवळ आली. त्यांना कांदा हुंगवून, डोक्यावर ओला पंचा ठेवून सावलीत बसवले. नवऱ्या मुलाच्या मामांनी परतीच्या हिशेबात दोन हजार कापून घेतले, आणि मला तोंड वर करून काही बोलता आले नाही.

त्याच रात्री बडनेऱ्यात मुक्काम केला आणि सकाळी कोणीतरी सुचवलेल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गाडी रात्रभर बंद होती. चाचांनी इंजिन सुरूच करू दिले नाही. निळी आणि लाल अशा दोन्ही नळ्या जोडल्या, सावलीत टांगलेल्या तापमापकावर तीस अंश असल्याचे पाहिले आणि भिंतीवर चिकटवलेल्या एका तेलकट तक्त्यावर बोट ठेवले. गाडीच्या एसीत जो आर-१३४ए नावाचा गॅस असतो, त्याचा बंद गाडीतला दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो. तीस अंशांना तो सुमारे सत्त्याण्णव पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) असायला हवा. नळ्यांत थोडा जरी द्रव शिल्लक असेल, तरी गॅस कमी असो वा जास्त, हा आकडा हलत नाही. आमच्या गाडीचे दोन्ही काटे एकशे पंचवीसच्या आसपास होते. याचा अर्थ आत हवा तरी अडकली आहे किंवा भलताच गॅस तरी आहे, असे चाचा म्हणाले. मग त्यांनी पोराला बिडी विझवायला सांगितली, गाडी मोकळ्या पटांगणात ढकलायला लावली आणि नळीचे टोक किंचित सैल केले. सिलिंडर बदलताना स्वयंपाकघरात येतो तोच वास आला. वास ओळखायला मला मिस्त्रीची गरज नव्हती.

स्वयंपाकाचा गॅसही थंडावा देतो, म्हणूनच ही भेसळ चालते. तो स्वस्त पडतो, पण पेट घेतो. गार वारा देणाऱ्या आतल्या कॉईलला बारीक छिद्र पडले तर तो थेट माणसांच्या डब्यात येणार आणि एखाद्या ठिणगीची वाट पाहणार. नकली गॅस ही काही केवळ आपल्या गल्लीबोळातली लबाडी नाही. २०११ साली जहाजांवरच्या शीतकंटेनरांमध्ये मिथिल क्लोराइड मिसळलेला नकली गॅस भरला गेला, त्याची आतल्या ॲल्युमिनियमशी प्रक्रिया झाली आणि कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटून माणसे दगावली. चाचांनी आमच्या गाडीतला गॅस आपल्या यंत्रात ओढून घ्यायला साफ नकार दिला, कारण त्यामुळे यंत्रातला चांगला गॅसही नासला असता. तो त्यांनी माणसांपासून दूर, वाऱ्याच्या तोंडाला, हळूहळू सोडून दिला.

त्यानंतर ते गाडीखाली गेले आणि हसू लागले. आमच्या गाडीचा कंडेन्सर मागच्या चाकापुढे, चेसिसला लागून बसवलेला आहे. आतली उष्णता बाहेर टाकण्याचे काम हाच भाग करतो आणि त्यासाठी त्याच्या पत्र्यांमधून हवा खेळावी लागते. त्या पत्र्यांवर धूळ, पावसाळ्यातला वाळलेला चिखल आणि जिनिंगच्या रस्त्यांवर उडणारा कापूस यांची एवढी जाड गादी बसली होती की चाचांनी ती नखाने टोकाला धरून घोंगडीसारखी सोलून काढली. दोन पंख्यांपैकी एक जळालेला होता. गाडी धावताना वाऱ्याने थोडीफार हवा लागे म्हणून एसी चाले. गाडी उभी राहिली की दाब तीनशेच्या वर चढून स्विच कॉम्प्रेसर बंद पाडत असे. अशा स्थितीत वरून आणखी गॅस टाकला तर दाब वाढतो आणि गारवा उलट घटतो. दोन वेळा पैसे मोजून मी दुखणे वाढवूनच घेतले होते.

नवा म्हणून बसवलेल्या कॉम्प्रेसरवरचा काळा रंग बोल्टांच्या डोक्यांवरही चढलेला होता. क्रमांकाची पट्टी घासून पुसलेली होती आणि आतून निघालेले तेल ॲल्युमिनियमच्या भुकटीने राखाडी झाले होते. माझा जुना कॉम्प्रेसर धडधाकट असावा आणि आज तो रंग लावून दुसऱ्या कोणाच्या गाडीत फिरत असावा, असा चाचांचा अंदाज आहे.

त्यांनी कंडेन्सरच्या पत्र्यांवर आतल्या बाजूने बाहेरच्या दिशेने पाणी मारून तो धुतला, पंख्याची मोटर बदलली, नळ्या साफ करून नवे तेल, ओलावा शोषणारा नवा ड्रायर आणि नव्या रबरी कड्या टाकल्या, पाऊण तास व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा ओढून घेतली, काटा स्थिर राहतो की नाही हे पाहिले, आणि मगच गाडीवरच्या पट्टीत लिहिल्याप्रमाणे गॅस काट्यावर तोलून भरला. सगळे मिळून सात हजार चारशे रुपये झाले आणि पक्के बिल मिळाले. आधीच्या माणसाने व्हॅक्यूम पंप मोजून पाच मिनिटे चालवला होता. मी तेव्हा चहा पीत होतो.

ज्यांच्याकडे अशा मोठ्या गाड्या आहेत, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. एसीतला गॅस डिझेलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न दाखवता गॅस भरणारा माणूस तुम्हाला परत बोलावण्याची सोय करत असतो. गाडी धावताना गार आणि थांबल्यावर कोमट होत असेल तर आधी कंडेन्सर आणि त्याचे पंखे पाहायला सांगा. गॅसच्या डब्याचे किंवा टाकीचे सील आपल्यासमोर फोडून घ्या, दोन्ही नळ्या लावल्याशिवाय निदान ऐकू नका, आणि काढलेला सुटा भाग आपल्या गाडीत टाकूनच घरी या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. गाडी धंद्याची असल्यामुळे समोरचा ‘हा ग्राहकच नव्हे’ असा मुद्दा काढील, हे वकिलांनी आधीच सांगून ठेवले. एकच गाडी मी पोटापाण्यासाठी स्वतः चालवतो, हे दाखवणारे परमिट आणि लायसन त्यासाठी जोडायचे आहे. माझी खरी अडचण वहीच्या त्या कागदाची आहे, कारण त्यावर ना गॅरेजचे नाव, ना सही. चाचांनी दिलेले लेखी निदान, काट्यांचे फोटो आणि बाटलीत भरून ठेवलेले राखाडी तेल एवढा पुरावा हाती आहे.

नोटीस पोचल्यानंतर चौथ्या दिवशी त्या गॅरेजवाल्याचा फोन आला. आवाजात राग मुळीच नव्हता. “भाऊ, कशाला वाढवता,” तो म्हणाला, “गाडी घेऊन या, यावेळी गॅस फुकटात भरून देतो.”