आई-बाबांसाठी टॅब घ्यावा की मोठा फोन?

दिवाळीला घरी जाताना आई-बाबांसाठी टॅब न्यावा का, असं गेल्या दोन वर्षांत मला कितीतरी मित्रमैत्रिणींनी विचारलं. विचारणारे बहुतेक बाहेरगावी राहणारे, काही परदेशात. आमच्या घरी आई (77) रोज टॅब वापरते आणि बाबा (82) फोनवरच खूश आहेत. दोघांनाही दोन्ही देऊन पाहिलं आहे, म्हणून जरा खात्रीने सांगते.

टॅब फोनच्या ऐवजी घेऊ नका. फोनच्या जोडीला घेणं परवडत असेल तर घ्या, नाहीतर त्याच पैशात मोठ्या पडद्याचा चांगला फोन घ्या.

कारण व्यवहार सगळे फोनलाच चिकटलेले आहेत. यूपीआयची नोंदणी करताना ॲप त्याच उपकरणातल्या सिमवरून एसएमएस पाठवतं. नुसत्या वायफायवर चालणाऱ्या टॅबमध्ये सिमच नसतं, म्हणजे विषय संपला. बँकेचा ओटीपी फोनवर येतो, गॅस सिलिंडरचा निरोप फोनवर येतो. पेन्शन घेणाऱ्यांचा हयातीचा दाखलाही आता त्याच वाटेने जातो. 2014 मध्ये जीवन प्रमाण ही ऑनलाइन दाखल्याची सरकारी सोय सुरू झाली तेव्हा यंत्रावर बोटांचे ठसे किंवा बुबुळांचं स्कॅन द्यावं लागायचं, आणि आयुष्यभर कष्ट केलेल्या हातांचे ठसे यंत्राला नीट उमटत नाहीत. नोव्हेंबर 2021 पासून अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून दाखला देता येतो. बाबांचा दाखला आम्ही तसाच, घरी खुर्चीत बसून काढतो. हे सगळं सोडून केवळ टॅब हातात दिला, तर घरात एक शोभेची पाटी येईल.

मग टॅब कशासाठी? बघण्यासाठी आणि वाचण्यासाठी. इथे फोन त्याच्या जवळपासही येत नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरही आईला फोनवर वाचायचा कंटाळा यायचा. अक्षर मोठं केलं की एका वेळी चारच ओळी दिसतात, आणि मागचं वाक्य काय होतं ते विसरायला होतं. जुन्या पुस्तकांच्या पीडीएफचं तर आणखी अवघड. पान म्हणजे फोटोच असतो, त्यामुळे मोठं केलं की प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत न्यावी लागते. 11 इंची टॅबवर ते अख्खं पान पुस्तकाएवढं दिसतं. ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, सकाळची पोथी हे सगळं आई आता टॅबवर वाचते. व्हिडिओ कॉलवर नातवाचा पडलेला दातही तिला दिसतो. फोनवर तिला नुसता चेहरा हलताना दिसायचा.

पण वजन विसरू नका. मोठा फोन साधारण 200 ग्रॅमचा, 11 इंची टॅब 480 ग्रॅमच्या आसपास. हात कापत असतील किंवा मनगट दुखत असेल, तर टॅब धरवत नाही. बाबांनी याच कारणासाठी तो नको म्हटलं. स्टँड घेतलात तरच मोठा टॅब घ्या. पलंगावर आडवं होऊन वाचायची सवय असेल तर 8-9 इंची बरा.

टॅबचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. म्हाताऱ्या माणसांना यंत्र समजत नाही असं आपण म्हणतो, पण खरी अडचण भीतीची असते. "काहीतरी भलतंच दाबलं गेलं तर?" पहिले काही दिवस आई दर वेळी विचारायची, "हे दाबू का गं?" मग मी तिला सांगितलं, यात बँक नाही, पैसे नाहीत, काहीही दाबलंस तरी एक रुपया जाणार नाही. त्या दिवसापासून तिचा हात मोकळा झाला. म्हणून टॅबवर पेमेंटचं एकही ॲप टाकू नका. पोलीस असल्याचं भासवून 'डिजिटल अटक' म्हणून धमकावणारे, पैसे उकळणारे कॉल आले तर काय करायचं, हे मात्र वेगळं शिकवावंच लागतं. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही हे सांगा, आणि 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आयपॅड की अँड्रॉइड, यावर फार डोकं शिणवू नका. रोजच्या रोज मदतीला जो असेल, शेजारचा मुलगा किंवा भाची, त्याच्याकडे जे आहे ते घ्या. एवढं पाहा की 2022 च्या दहाव्या पिढीपासून साध्या आयपॅडला पुढचं गोल बटण राहिलेलं नाही आणि खालून वर बोट सरकवणं अनेकांना जमत नाही. त्यावर सेटिंगमधलं असिस्टिव्हटच चालू केलं की पडद्यावर बटण येतं. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये जाऊन खाली तीन बटणं आणता येतात. व्हॉट्सॲप टॅबवर जोडलेलं उपकरण म्हणून चालतं, पण फोनवरचं व्हॉट्सॲप 14 दिवसांहून जास्त बंद राहिलं तर टॅबवरूनही बाहेर पडतं. "टॅब बिघडला" असा फोन आला तर आधी हे तपासा.

घराघरातली वयस्कर मंडळी बोट टेकवून दाबून धरतात, दारावरची बेल वाजवावी तसं. मग चिन्हं हलायला लागतात, नको ते मेनू उघडतात. अँड्रॉइडवर दाबून धरण्याची वेळ वाढवता येते, आयपॅडवर त्यासाठी टच ॲकॉमोडेशन्स नावाचं सेटिंग आहे. फोन असो वा टॅब, हे पहिल्याच दिवशी करून द्या.

मुलांनी वापरून टाकलेला जुना टॅब देऊ नका. बॅटरी टिकत नाही, ॲप अपडेट होत नाहीत, आणि त्याचा दोष आई-बाबा स्वतःला लावून घेतात.

आणि घेणार असाल तर हातात आठवडाभर सुट्टी असताना घ्या. आमच्याकडचा पहिला टॅब मी परत निघायच्या आदल्या रात्री, बॅगा भरता भरता आईला दाखवला होता. चार महिन्यांनी आले तेव्हा तो कपाटात, साड्यांच्या घडीखाली, खोक्यासकट जपून ठेवलेला होता.