जुना पिस्टन हातात दिला म्हणजे इंजिन उघडलं असं नाही

गाडीचं काम केलं की जुने पार्ट मागून घ्यावेत, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पंचाईत अशी की ते गॅरेजवाल्यांनाही माहीत आहे. मला जुना पिस्टन न मागताच मिळाला, प्लास्टिकच्या पिशवीत, रिंगांसकट. त्या कामाचे साडेनऊ हजार रुपये मोजले आणि पुढे कळलं की माझ्या इंजिनाला कुणी पानाच लावला नव्हता. ज्यांची बाईक गरम झाली की बंद पडते आणि ज्यांना कुणीतरी "हाफ इंजिन करावं लागेल" (म्हणजे ब्लॉक, अर्थात सिलिंडर, आणि पिस्टनचं काम) म्हणून सांगितलंय, त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचावं.

गाडी वडिलांची, २०१४ सालची, दीडशे सीसी, कार्बोरेटरवाली. पहिल्या दिवसापासून आमच्याच घरात, इंजिन कधी उतरवलेलं नाही, सगळ्या सर्व्हिसिंगची बिलं फायलीला लावलेली. दुखणं असं की सकाळी पहिल्या किकला चालू, शहरात फिरताना काही तक्रार नाही. पण हायवेला सलग पळवली की आधी मिसिंग मारायची आणि मग एकदम बंद. बाजूला घेऊन चहा पिऊन यावं तर पुन्हा शहाण्यासारखी चालू. गावी जाताना खंबाटकी घाटात ती हमखास रुसायची. तेव्हा साताऱ्याकडे जाताना घाट चढावा लागायचा, बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांच्या वाट्याला. वळणावर मागून कंटेनर आणि मांडीखाली मेलेली गाडी, हा अनुभव घेतल्यावर माणूस दुरुस्तीसाठी कितीही पैसे द्यायला तयार होतो. मेकॅनिकला ते चेहऱ्यावर दिसतं.

गॅरेज रस्त्यावरचं, भला मोठा फ्लेक्स, बाहेर गाड्यांची रांग. मालकाने गाडी चालू केली, दोनदा रेस दिली, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं. "साहेब, ऑइल जाळतेय. ब्लॉक-पिस्टन गेलंय." तपासणी एवढीच. प्लग काढला नाही, ऑइलची पातळी बघितली नाही, गाडी गरम करून बघितली नाही. मी सांगत होतो की थंड झाली की चालू होते, तर त्याचंही उत्तर तयार होतं: "गरम झाल्यावर पिस्टन फुगतो ना!"

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण हा बोटाचा प्रयोग बऱ्याच जणांवर झालेला असणार. सायलेन्सरमधली कोरडी काळी काजळी ही पेट्रोल जास्त जात असल्याची खूण, आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ती थोडीफार असतेच. ऑइल जळत असेल तर बोटाला चिकट, ओलसर लागतं, धुराला निळसर झाक असते आणि दर हजार किलोमीटरला ऑइल घटलेलं दिसतं. माझ्या गाडीत यातलं काहीही नव्हतं.

"इथे कशाला थांबताय धुळीत, संध्याकाळी या," असं म्हणून त्याने मला वाटेला लावलं. संध्याकाळी गाडी तयार. ब्लॉक चांदीसारखा चकाकत होता. हातात ती पिशवी, आणि बिलाच्या जागी एका डायरीचा फाडलेला कागद: किट, गॅस्केट, ऑइल, मजुरी, खाली बेरीज. वर ताकीद: "पाचशे किलोमीटर होईपर्यंत चाळीसच्या वर नेऊ नका. रनिंग-इन आहे."

त्याची खरी हुशारी या ताकिदीत आहे. नवीन पिस्टन टाकल्यावर गाडी जपूनच चालवायची असते, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पण चाळीसने चालवली की इंजिन तेवढं तापत नाही, आणि ज्या गाडीचा आजार तापल्यावरच दिसतो तिचा आजार आपोआप झाकला जातो. गिऱ्हाईक दोन-तीन आठवडे खूश, चार लोकांना गॅरेजचा पत्ता देतं, आणि तोवर पैसे पचलेले असतात.

पाचशे किलोमीटर झाले, हायवेला घेतली, शिरवळच्या अलीकडे बंद. परत गेलो तेव्हा ऐकायला मिळालं की आता इंजिनाला ताकद आलीय, जुना कार्बोरेटर पुरत नाही. हे वाक्य मी आजही मित्रांना सांगतो. कार्बोरेटर बदलला, बावीसशे रुपये. गाडी पूर्वीसारखीच बंद पडत होती, फक्त आता पन्नासच्या जागी पस्तीसचं अ‍ॅव्हरेज देऊन बंद पडत होती. तिसऱ्या खेपेला त्याने सीडीआय (ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलायला सांगितलं, तेव्हा मी किल्ली उचलली.

नवीन मेकॅनिक शोधताना मी ओळखीपाळखीच्या लोकांना विचारायचं बंद केलं. आपले नातेवाईक वर्षाला दोनदा सर्व्हिसिंग करतात. गॅरेज चांगलं म्हणजे गाडी पुसून चकाचक मिळते, एवढाच त्यांचा निकष. पार्सल घेण्यासाठी हॉटेलांबाहेर ताटकळणारी डिलिव्हरीवाली पोरं दिसतात ना, त्यांना विचारलं. त्यांची गाडी एक दिवस बंद राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते आणि एकच काम दोनदा करून घेणं त्यांना परवडत नाही. वेगवेगळ्या ठिकाणच्या पोरांनी एकाच माणसाचं नाव घेतलं. दुकान आतल्या बोळात, पाटीसुद्धा धड नाही.

या माणसाने आधी गाडीला हातच लावला नाही. प्रश्न विचारत बसला. बंद पडते ती आचके देत की बटण दाबल्यासारखी? बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडून बघितलं का, फुस्स आवाज येतो का? (झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं तर टाकीत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरत नाही आणि गाडी अशीच बंद पडते. औषध म्हणजे एक सुई आणि थोडी हवा. हे घरीच बघून घ्या.) पावसात भिजल्यावर काय करते? किती वेळाने परत चालू होते?

मग प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर) लावला, मला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरायला सांगितला आणि किका मारल्या. काटा अकरा किलोच्या आसपास जाऊन थांबला. "दादा, पिस्टनला काय धाड भरलीय? हे काम करायला कुणी सांगितलं?" रीडिंग कमी आलं असतं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंग-बोअरचा (बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) दोष, जिथल्या तिथे राहिला तर वॉल्व्हचा. पाच मिनिटांचं काम आहे. इंजिन उतरवायला सांगणारा हे करत नसेल, तर तो अंदाजपंचे बोलतोय किंवा खिशाकडे बघून.

त्यानंतर त्याने गाडी स्वतः दामटली आणि बंद पडल्यावर तिथेच रस्त्याकडेला प्लग काढून हेडला टेकवला, मला किक मारायला लावली. ठिणगी नाही. म्हणजे प्रश्न पेट्रोलचाही नव्हता, पिस्टनचाही नव्हता. मॅग्नेटकडून (इंजिनासोबत फिरणारं चुंबक) येणाऱ्या वायरचा कपलर सुटा करून मल्टिमीटर लावला. पडद्याच्या डाव्या टोकाला नुसता १, म्हणजे आत तार तुटल्यासारखी. मग ओलं फडकं मॅग्नेट कव्हरवर टाकलं. चर्र वाजलं, वाफ निघाली. त्याने फडकं पुन्हा भिजवलं, आम्ही वाट बघितली, आणि मीटर हळूच दोनशेच्या आसपास येऊन बसला. किक मारली, गाडी चालू.

पिकअप कॉइल, म्हणजे मॅग्नेटजवळ बसून ठिणगी कधी टाकायची याचा इशारा देणारी कॉइल. आतली बारीक तार गरम झाली की जोड सोडते, थंड झाली की धरते. कॉइल चारशे वीस रुपयांची, पाकिटावर छापलेल्या किमतीत. कव्हरचं गॅस्केट, थोडं ऑइल आणि मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं. नंतर खंबाटकी चढलो, डबलसीट.

ब्लॉक-पिस्टनच्या कामाची गोष्ट त्यालाच खटकली होती. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्याने ब्लॉकच्या दोन पात्यांमध्ये (फिन्समध्ये) खरवडलं. वरचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली कैक वर्षांची वाळलेली माती. नवीन ब्लॉकवर रंगाखाली माती कुठून येणार? ब्लॉकखालच्या गॅस्केटची कडही जुनी, काळवंडलेली. स्प्रेचा डबा मारून काम संपवलं होतं. मी पिशवीतला पिस्टन आणून दाखवला तर त्याने माथ्यावरची काजळी पेट्रोलने पुसली. खाली कोरलेलं होतं: ०.५०.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: कंपनीतून आलेल्या इंजिनात स्टँडर्ड मापाचा पिस्टन असतो. बोअर झिजला की लेथवर थोडा मोठा करतात आणि त्यात ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० मिलिमीटर असा पुढच्या मापाचा पिस्टन बसवतात. ते माप माथ्यावर ठोकलेलं असतं. ज्या इंजिनाचं बोअर कधी झालंच नाही त्यातून ०.५० चा पिस्टन निघूच शकत नाही. तो दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा. अशा पिस्टनचा डबा प्रत्येक गॅरेजच्या कोपऱ्यात असतो, हवा तेव्हा एक काढायचा.

म्हणून आता माझी पद्धत अशी आहे. गाडी देण्याआधी हेडच्या नटावरून हेडवर उतरणारी नेलपॉलिशची एक रेघ ओढतो आणि फोटो काढतो. नट फिरला की रेघ तुटते, ती पुन्हा तंतोतंत जुळवणं सोपं नाही. कार्बोरेटर, सीडीआय, कॉइल यांचेही जवळून फोटो. इंजिन उतरवायचं असेल तर ब्लॉक सुटताना मी समोर असणार, हे आधीच सांगतो. चांगल्या मेकॅनिकला याचं काही वाटत नाही. स्पेअर शक्यतो स्वतः नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांतून आणतो, पाकिटासकट.

आणि बिल. डायरीच्या कागदावर दुकानाचं नावसुद्धा नव्हतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, तेव्हा "आमच्याकडे बिल नसतं" हे उत्तर ऐकून गप्प बसायचं कारण नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पैसे रोख देऊ नका. मी यूपीआयने देताना शेऱ्यात "ब्लॉक पिस्टन किट व मजुरी" असं लिहिलं होतं, त्यामुळे निदान कशाचे पैसे घेतले हे नाकारायची सोय त्याला उरली नाही.

फोटो, पिस्टन आणि दुसऱ्या मेकॅनिकने लिहून दिलेला कागद घेऊन मी गेलो. आधी आवाज चढला, मग कामाला ठेवलेल्या पोरावर ढकललं, मग निम्मे पैसे यूपीआयने परत आले. उरलेल्यासाठी लेखी नोटीस दिली आहे, मुदत संपली की आयोगात जाणार. माझा मूळ कार्बोरेटर मागितला तर त्याने ड्रॉवर उघडून एक काढून दिला. घरी येऊन बघितलं तर तो शंभर सीसीच्या गाडीचा निघाला. त्याचाही फोटो फायलीला लावलाय.