बिअर बनवण्याचं काम शिकायचंय: प्रात्यक्षिक कोर्स, ब्रुअरीतली नोकरी की घरबसल्या परीक्षा?

व्यावसायिक बिअरनिर्मितीत उतरायचं म्हटलं की मुख्यतः तीन वाटा दिसतात. स्वतःची छोटी ब्रुअरी असलेल्या संस्थेत काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा प्रात्यक्षिक कोर्स, चालत्या ब्रुअरीत हाताखाली लागणं, आणि घरी अभ्यास करून परीक्षा देणं. माहितीपत्रकं वाचून फार काही कळत नाही, कारण 'प्रत्यक्ष अनुभव' हे शब्द बहुतेकांच्या पानावर असतात. म्हणून मी सगळं एकाच प्रश्नावर तपासतो: टाकीत यीस्ट घातल्यापासून ते काढेपर्यंत शिकणारा तिथे असतो का?

हा प्रश्न महत्त्वाचा का, तर वर्ट, म्हणजे न आंबवलेला माल्टचा गोड रस, तयार होतो एका दिवसात. दळलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवायचं, ६२ ते ६५ अंश सेल्सियसच्या आसपास आंबवता येणारी साखर जास्त काढायची, ७०-७२ अंशांकडे गेलं तर बिअर अंगाने भरदार होते. मग गाळणं, तास-दीड तास उकळणं, हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) घालणं, थंड करणं. दिसायला सगळं नाट्य इथेच असतं, आणि छोटे कोर्स नेमकं एवढंच दाखवतात. पण बिअर घडते किंवा बिघडते ती त्यानंतर, यीस्ट वर्ट आंबवत असताना. एल (कोमट तापमानाला आंबवलेली बिअर) तयार व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, लागरला (थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) बरेचदा महिना-दीड महिना. आठवडाभराच्या कोर्समध्ये तुम्ही वर्ट बनवता आणि चव घेता दुसऱ्याच कुणाच्या बिअरची. त्याला मी परिचय म्हणेन, प्रशिक्षण म्हणणार नाही.

पुरेशा लांबीचा प्रात्यक्षिक कोर्स मात्र जे देतो ते इतरत्र मिळणं खरोखर अवघड आहे. डायअॅसिटिलची, म्हणजे आंबताना तयार होणाऱ्या लोण्याच्या वासाच्या द्रव्याची, चाचणी घ्या. टाकीतून नमुना काढून दोन भाग करायचे. एक झाकून ६०-७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा, मग गार करून दोन्हींचा वास घ्यायचा. गरम केलेल्या नमुन्यालाच लोण्यासारखा वास आला, तर यीस्टचं काम अजून संपलेलं नाही. टाकी इतक्यात थंड करायची नाही. ही गोष्ट वाचून दोन मिनिटांत कळते, पण नाकाला कळायला पुन्हा पुन्हा वास घ्यावा लागतो, आणि चुकलं तर 'आता हा ग्लास हुंगून बघा' म्हणणारा शिक्षक शेजारी लागतो. यीस्टच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजणं, मिथिलीन ब्लूने निळ्या पडलेल्या मेलेल्या पेशी वेगळ्या ओळखणं, मुद्दाम दोष मिसळलेली बिअर चाखणं, हेही तसंच. चालत्या ब्रुअरीत एवढी सवड क्वचितच कुणाला असते.

नोकरीची वाट याच्या उलट. तिथे सवड नाही, पण सराव भरपूर. पंचवीस किलोची माल्टची पोती, ओली फरशी, गरम पाण्याचे पाइप, आणि दिवसाचा मोठा हिस्सा धुण्यात. शरीराला हे झेपतं का, हे कळायला याहून स्वस्त मार्ग नाही. उलट पगार मिळतो. उणीव अशी की काम 'कसं' करायचं ते सांगितलं जातं, 'का' ते राहून जातं. कार्बन डायऑक्साइडने भरलेली टाकी कॉस्टिक सोड्याने धुवायची नाही, हा नियम तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकवतील. कॉस्टिक तो वायू शोषून घेतो, त्यात कॉस्टिकची ताकद जाते, आणि बंद टाकीत निर्वात पोकळी होऊन स्टीलची टाकी आत दबू शकते. ही साखळी ज्याला माहीत आहे तो नवीन टाकीसमोरही सुरक्षित राहतो. शिवाय मोठ्या ब्रुअरीत माणूस वर्षभर बाटल्या भरण्याच्या विभागातच अडकू शकतो.

परीक्षांची वाट मला नोकरीशी जोडूनच पटते. ब्रिटनमधल्या चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुअर्स अँड डिस्टिलर्सची (पूर्वीची इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग अँड डिस्टिलिंग) पात्रता-परीक्षांची उतरंड जगभर ओळखली जाते: सर्टिफिकेट, डिप्लोमा, मग मास्टर ब्रुअर. दिवसा टाक्या धुणाऱ्याने रात्री हा अभ्यास केला तर दोन्ही बाजू एकमेकींना भरून काढतात. कधीही टाकी न पाहिलेल्याने तो केला तर हाती फक्त कागद येतो.

विद्यापीठाची पदवी, उदाहरणार्थ एडिंबराच्या हेरियट-वॉट किंवा म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाच्या वाइहेनश्टेफान परिसरातली, ही प्रयोगशाळा, संशोधन, मोठ्या कारखान्याचं व्यवस्थापन यांसाठी. छोट्या ब्रुअरीत हेड ब्रुअर व्हायचं तर ती अनिवार्य नाही.

शिकवण आणि काम यांची सर्वात चांगली गुंफण जर्मनीत आहे, असं माझं ठाम मत आहे. तिथे ब्रुअर आणि माल्टर हा रीतसर तीन वर्षांचा उमेदवारीचा अभ्यासक्रम आहे. ब्रुअरीत काम, व्यवसाय-शाळेत वर्ग, आणि उमेदवाराला भत्ता. पण त्यासाठी जर्मन भाषा यायला हवी आणि तीन वर्षं हाताशी हवीत. ज्यांच्याकडे तेवढा वेळ नाही त्यांच्यासाठी १८८३ साली स्थापन झालेल्या बर्लिनच्या व्हीएलबी या संस्थेत इंग्रजीतून सुमारे सहा महिन्यांचा ब्रुमास्टर कोर्स चालतो. सहा महिन्यांत लागरसुद्धा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहता येते.

मग कुणी काय निवडावं? ब्रुअरीत कधीच काम केलं नसेल तर आधी काही महिने मिळेल त्या कामाला लागा, भले ते केग (बिअरची धातूची पिंपं) धुण्याचं असो. आधीच काम करत असाल आणि 'का' अडत असेल तर लांब प्रात्यक्षिक कोर्स पैसे वसूल करून देईल. फी मोजताना राहण्याचा खर्च आणि बुडणारा पगार धरायला विसरू नका. स्वतःची ब्रुअरी काढायची असेल तर कोर्स टाळू नका; तुमच्या चुका तिथे संस्थेच्या टाकीत होऊ द्या.

प्रवेश घेण्याआधी संस्थेला सरळ विचारा: एका केटलमागे (वर्ट उकळण्याच्या भांड्यामागे) किती विद्यार्थी? पाच जणांपर्यंत ठीक, पंधरा असतील तर तुम्ही बघे आहात. केटल किती लिटरची? पन्नास लिटरवर तत्त्व कळतं, पण पंप, व्हॉल्व्ह आणि दाबाखालच्या टाकीची सवय काहीशे लिटरच्या पुढेच लागते. बिअर भरताना विरघळलेला ऑक्सिजन मोजायला मिळतो का? आणि शेवटी पूर्ण वेळापत्रक मागून घ्या. त्यात टाक्या धुण्याचे तास दिसत नसतील, तर ते काम पगारी माणसं करतात आणि तुम्हाला ते शिकवलं जाणार नाही.