सातला २२, दीडला ३: ढेकण्याच्या औषधाची खोटी चाचणी

भात निसवलं, दाण्यांत दूध भरू लागलं आणि लोंबीवरचा ढेकण्या दिसायला लागला. हिरवट-तपकिरी, लांबट अंगाचा, लांब पायांचा. हात लागला की उग्र वास बोटांना चिकटतो. सोंड खुपसून तो दाण्यातलं दूध शोषतो. मग दाणा पोचट राहतो, नाहीतर भोकाच्या जागी तपकिरी ठिपका पडतो. दूध भरण्याचे दिवस मोजकेच असतात, म्हणून मी घाईत होतो. नेमका तेव्हाच नवीन औषधाचा विक्रेता बांधावर आला. "आधी चाचणी बघा, मग घ्या," म्हणाला. मला ते रास्त वाटलं.

सकाळी सातला त्याने कापडी जाळी लोंब्यांवरून दहा वेळा फिरवली. आत २२ किडे. मग एका पट्ट्यात फवारणी केली. दुपारी दीडला त्याच पट्ट्यात पुन्हा दहा वेळा जाळी फिरवली, निघाले ३. मी रोख पैसे दिले, कच्च्या चिठ्ठीवर बाटल्या घेतल्या आणि सगळं शेत फवारलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लोंब्यांवर किडे पहिल्याइतकेच होते.

खोट मोजणीच्या वेळेत होती. ढेकण्या सकाळ-संध्याकाळ लोंबीवर येतो आणि ऊन चढलं की खाली सावलीत दडतो. दुपारी न फवारलेल्या भातातही जाळीत फारसं काही आलं नसतं. पण न फवारलेला पट्टा त्याने मोजलाच नाही. कीटकशास्त्रज्ञ अ‍ॅबट यांनी १९२५ साली कीटकनाशकाचा परिणाम काढायचं सूत्र दिलं, त्याचा पायाच न फवारलेल्या भागाशी तुलना हा आहे. शिवाय हा किडा उडतो. फवाऱ्याने बाजूला जातो, नंतर परततो. त्यामुळे एकच अरुंद पट्टा प्रामाणिक माणसालाही चकवू शकतो.

उरलेल्या बाटलीवर मी स्वतः चाचणी लावली. औषधाचे तीन पट्टे, नुसत्या पाण्याचे तीन, या वेळी काहीच न फवारलेले तीन. कुठला कशाचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं. फवारणीआधी एकदा आणि नंतर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी मोजलं, दरवेळी सकाळी सातलाच. औषध आणि पाणी यांत मला काही फरक सापडला नाही. तोवर दाणे घट्ट होत आले होते. नखाने दाबलं तर कितीतरी दाणे आत रिकामेच.

मग बाटली नीट वाचली, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. घटकाचं नाव नाही, प्रमाण नाही, नोंदणी क्रमांक नाही. शेवटची फवारणी आणि कापणी यांत किती दिवस ठेवायचे तेही नाही. खायच्या धान्यावर मी नेमकं काय मारलं, ही काळजी मला नुकसानीपेक्षा जास्त लागली.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "तुमचं फवारणं चुकलं." त्यानंतर त्याने फोन उचललाच नाही. तक्रार लिहायला बसलो तेव्हा जोडायला पक्कं बिल नव्हतं, होती ती सहीसुद्धा नसलेली चिठ्ठी.