ताब्याआधीची घराची तपासणी आणि आमच्या एजंटांचे काम : एक अभिप्राय

पुण्याजवळच्या रावेतमधील एका नव्या प्रकल्पात दोन वर्षांपूर्वी आम्ही दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आणि यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात ताबा घेण्याविषयी बिल्डरचे पत्र आले. ताबा घेण्यापूर्वी आम्ही स्वतंत्र तपासनीस लावून घराची तपासणी करून घेतली आणि ज्या एजंटांमार्फत आम्ही हे घर घेतले होते, ते त्या दिवशी सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत आमच्याबरोबर होते. हा अभिप्राय त्यांच्या त्या कामाविषयी आहे. घर दाखवण्यात किंवा भाव ठरवण्यात एजंट किती उपयोगी पडतो, याविषयी पुष्कळ लिहिले जाते. तपासणीच्या दिवशी त्याने काय करावे आणि काय करू नये, याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी व्यवहाराची बाजू सांगायला हवी. नव्या प्रकल्पात एजंटांची दलाली बहुतेक वेळा बिल्डर देतो आणि करारनामा नोंदवून ठरावीक रक्कम भरली गेली की ती त्यांच्या हाती पडते. आमच्या बाबतीतही तसेच झाले होते आणि ही गोष्ट त्यांनी पहिल्याच भेटीत आपणहून सांगितली होती. याचा अर्थ असा, की ताब्याच्या वेळी त्यांना आमच्याकडून किंवा बिल्डरकडून एक रुपयाही येणे नव्हते. अशा वेळी पुष्कळ एजंट फोन उचलत नाहीत, हा अनुभव नातेवाइकांपैकी दोघांनी सांगितला होता. आमच्या एजंटांना मी पत्राचा फोटो पाठवला, तेव्हा अर्ध्या तासात त्यांचा फोन आला आणि त्यांचे पहिले वाक्य होते, "पझेशन लेटरवर, म्हणजे ताबा घेतल्याच्या पत्रावर, अजून सही केली नाहीत ना?"

पत्रात पंधरा दिवसांत ताबा घ्यावा, असे लिहिले होते आणि आम्ही घाबरून गेलो होतो. त्यांनी करारनाम्यातले कलम आणि स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील तरतूद शेजारी ठेवून समजावून सांगितली : कराराप्रमाणे पंधरा दिवसांची मुदत आहे हे खरे, पण कायद्याच्या कलम १९ नुसार भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास योग्य असल्याचा दाखला) मिळाल्यापासून दोन महिन्यांत खरेदीदाराने ताबा घ्यायचा असतो, त्यामुळे आधी प्रमाणपत्राची प्रत मागा, त्यावरची तारीख पाहा आणि तपासणीची तारीख लेखी कळवा. आमच्या वतीने त्यांनी ईमेलचा मसुदा करून दिला आणि तो आमच्या पत्त्यावरूनच पाठवायला सांगितला. खरेदीदाराचा पत्रव्यवहार खरेदीदाराच्याच नावाने राहिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला योग्य वाटला.

तपासनीस कोण घ्यायचा, हे मी त्यांनाच विचारले होते. त्यांनी नाव दिले नाही. "मी माणूस दिला आणि उद्या त्याच्याकडून काही बघायचं राहून गेलं, तर तुमच्या मनात कायम किंतु राहील," असे ते म्हणाले. त्याऐवजी माणूस निवडताना कोणते प्रश्न विचारायचे, ते त्यांनी सांगितले : ओल मोजण्याचे यंत्र आहे का, अहवालात प्रत्येक दोषाचा फोटो असतो का, बिल्डरने दुरुस्ती केल्यावर तो पुन्हा बघायला येतो का आणि त्याचे वेगळे पैसे घेतो का. त्याप्रमाणे चौकशी करून आम्ही एका स्थापत्य अभियंत्याला ६,५०० रुपयांत ठरवले, त्यात दुसरी फेरी धरलेली होती. तपासनीस आणि एजंट त्या दिवशी प्रथमच एकमेकांना भेटत होते, याचे मोल मला पुढे कळले, कारण तपासनीस कोणाची भीड न धरता बोलत होता.

दिवस निवडण्यातही त्यांचा अनुभव कामी आला. मी कोरडा रविवार धरून बसलो होतो. त्यांनी सलग दोन-तीन दिवस पाऊस झाल्यानंतरचा दिवस घ्यायला सांगितले आणि तोही कामाचा, म्हणजे साइट इंजिनिअर जागेवर सापडेल. आदल्या संध्याकाळी त्यांनी साइटवर फोन करून फ्लॅटचा वीजपुरवठा चालू आहे का, वरच्या टाकीत पाणी आहे का, डक्टच्या, म्हणजे पाइप जातात त्या पोकळीच्या, दाराची किल्ली कोणाकडे आहे आणि खालच्या, सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट उघडून मिळेल का, एवढे विचारून ठेवले. ऐकताना या गोष्टी किरकोळ वाटतात. पण नळाला पाणी नसेल तर गळती दिसत नाही, वीज नसेल तर एकही सॉकेट तपासता येत नाही, आणि खालच्या फ्लॅटचे छत पाहिल्याशिवाय आपल्या बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगविषयी काहीच बोलता येत नाही. तपासनीसानेच सांगितले, की अर्ध्याअधिक वेळा याच कारणाने त्याला दुसऱ्या दिवशी परत जावे लागते.

प्रत्यक्ष तपासणी कशी झाली, याचे दोन प्रसंग लिहितो. मोठ्या बेडरूमच्या खिडकीखाली, उजव्या कोपऱ्यात रंग किंचित फुगलेला होता. तळहाताएवढीच जागा होती आणि उजेड समोरून पडत असल्याने आमच्या नजरेला ती आली नसती. तपासनीसाने यंत्राच्या दोन सुया भिंतीला टेकवल्या. मधल्या भिंतीवर आकडा ११ होता, त्या कोपऱ्यात तो २८ वर गेला. मग त्याने सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत तांब्याभर पाणी ओतले. पाणी बाहेर जाण्याची भोके सिमेंटने बुजलेली होती, त्यामुळे ते पट्टीत साठले आणि काही मिनिटांत आतल्या ग्रॅनाइटच्या कडेने झिरपू लागले. साइट इंजिनिअर म्हणाला, की पावसाळ्यात एवढे होतेच. आमचे एजंट यावर काही बोलले नाहीत; त्यांनी मोबाइलवर त्या पाण्याचा व्हिडिओ घेतला, त्यात खिडकी, खोली आणि वेळ बोलून नोंदवली आणि इंजिनिअरला शांतपणे विचारले, "मग यादीत 'खिडकीच्या पट्टीतून आत पाणी' असं लिहू या ना?" त्याने मान डोलावली.

दुसरा प्रसंग क्षेत्रफळाचा. तपासनीसाने लेझरने सगळ्या खोल्या मोजल्या. करारनाम्यात चटई क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापरण्याजोगी जागा, ६५.२० चौरस मीटर होते, मोजणीत ते ६४.३५ भरले, म्हणजे सुमारे नऊ चौरस फूट कमी. इंजिनिअरचे उत्तर तयार होते : "सर, अ‍ॅग्रीमेंटमध्ये तीन टक्के चालतात." आम्ही गप्प बसलो असतो. एजंटांनी पिशवीतून आमच्या करारनाम्याची प्रत काढली आणि ते कलम मोठ्याने वाचून दाखवले. तीन टक्के ही फरकाची मर्यादा आहे, माफी नव्हे. या मर्यादेत क्षेत्र कमी भरले तर जास्तीची घेतलेली रक्कम पंचेचाळीस दिवसांत व्याजासह परत करायची आहे, असे त्या कलमात स्वच्छ लिहिलेले होते. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, नमुना करारनाम्यातही ही तरतूद आहे आणि तरीही तिचा अर्थ उलटा सांगितला जातो. तपासनीसाने प्रामाणिकपणे सांगितले, की आपली मोजणी प्लॅस्टर आणि टाइलच्या आतली आहे, त्यामुळे संयुक्त मोजणी मागणे बरे. तसा अर्ज तिथेच लिहिला गेला. पुढे आर्किटेक्टच्या उपस्थितीत मोजणी झाली, फरक सात चौरस फुटांवर आला आणि ती रक्कम आमच्या शेवटच्या हप्त्यातून वजा झाली.

बाकी दोष नेहमीचे होते. हॉलमध्ये चौदा टाइल काठीच्या टोकाने वाजवल्यावर पोकळ वाजल्या, पाहुण्यांच्या बाथरूमचा उतार नहाणी ट्रॅपकडे (सांडपाणी जाण्याच्या जाळीकडे) न जाता दाराच्या उंबरठ्याकडे होता, स्वयंपाकघरातल्या एका सॉकेटला अर्थिंग नव्हते आणि ड्राय बाल्कनीचे दार तळाशी घासत होते.

आता तक्रारी. पहिली गंभीर आहे. हॉलमध्ये काँक्रीटचा कॉलम (खांब) आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथे छतापासून जवळजवळ चार फूट उभी भेग होती. तपासनीस ती पाहत असतानाच एजंट माझ्या पत्नीला म्हणाले, "ताई, हे नॉर्मल आहे, प्रत्येक नव्या बिल्डिंगमध्ये येतं." ती लगेच पुढच्या खोलीत गेली, कारण तिने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. तपासनीसाने नंतर सांगितले, की केसाएवढी भेग असती तर रंगकामात गेली असती, पण या भेगेत नखाची कड शिरत होती; सांध्यावर जाळी न लावता प्लॅस्टर केले असावे आणि तो भाग फोडून जाळी लावून पुन्हा करावा लागेल. तसे यादीत लिहिले गेले, पण मधल्या दहा मिनिटांत आमचा समज चुकीचा झाला होता. भिंतीविषयी मत देणे हे एजंटाचे काम नाही. त्याचा हेतू धीर देण्याचा असला तरी घेणाऱ्याच्या मनात त्याच्या शब्दाला वजन असते, आणि तेच वजन तपासनीसाच्या कामाला मारक ठरते. मी हे त्यांना त्याच दिवशी बोलून दाखवले. त्यांनी ते मान्य केले.

दुसरी तक्रार दुसऱ्या फेरीची. तीन आठवड्यांनी बिल्डरने काम पूर्ण झाल्याचे कळवले, तेव्हा एजंट स्वतः आले नाहीत. त्यांनी कार्यालयातल्या एका तरुण मुलाला पाठवले. त्याच्याकडे पहिल्या यादीची प्रत नव्हती आणि दोनच टाइल बदलल्या होत्या की चौदाही, हे त्याला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. तो दिवस आम्ही आणि तपासनीसाने निभावून नेला. पहिल्या फेरीइतकीच दुसरी फेरी महत्त्वाची असते, किंबहुना तिथेच बिल्डरची माणसे घाई करतात, म्हणून ज्यांनी काम सुरू केले त्यांनीच ते शेवटास न्यायला हवे होते.

एका गोष्टीसाठी मात्र मी त्यांचा ऋणी राहीन. पहिल्या तपासणीनंतर खालच्या कार्यालयात चहा आला आणि त्याबरोबर पझेशन लेटरही आले. त्यात मधल्या परिच्छेदात 'सदनिकेची पाहणी केली असून बांधकामाविषयी कोणतीही तक्रार नाही' असे वाक्य होते. दमलेल्या माणसाने ते वाचले नसते. एजंटांनी पत्र उचलले, त्या वाक्यावर पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाले, "आज हे साहेब फक्त यादीवर सही करतील." एकतीस दोषांची यादी दोन प्रतींत लिहिली गेली : प्रत्येक ओळीत खोली, भिंत आणि फोटोचा क्रमांक. त्यावर इंजिनिअरची सही, शिक्का आणि तारीख त्यांनी उभे राहून घेतली. कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. पण आमच्या करारनाम्यात असेही आहे, की खरेदीदाराने स्वतः फोडाफोडी केली तर त्या भागाची जबाबदारी बिल्डरवर राहत नाही. म्हणून यादीतली कामे संपेपर्यंत फर्निचरवाल्याला भिंतीला हात लावू देऊ नका, हेही त्यांनी बजावले. सुताराला आगाऊ रक्कम देऊन बसलेल्या आम्हाला ही सूचना वेळेवर मिळाली.

त्यांची महारेरा नोंदणी मी संकेतस्थळावर पाहून घेतली होती. २०२३ मध्ये महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण, परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक करण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या कार्यालयात ते प्रमाणपत्र लावलेले आहे. प्रमाणपत्राने माणूस चांगला ठरत नाही, पण कलमे तोंडपाठ असणारा एजंट आणि 'होऊन जाईल' म्हणणारा एजंट यांत कोथरूड ते रावेत एवढे अंतर आहे, हे आम्ही पाहिले.

कोथरूडचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझे मेहुणे तिथे जुना फ्लॅट पाहत आहेत आणि त्यांनीही याच एजंटांना सांगितले आहे. पुनर्विक्रीत विकणाऱ्या मालकावर ती पाच वर्षांची जबाबदारी नसते, त्यामुळे तिथे तपासणी व्यवहाराच्या आधी व्हायला हवी. एजंटांनी टोकन देण्यापूर्वीच सोसायटीच्या कार्यालयातून स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल मागितला. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी ऑडिट व्हावे, असे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत (नमुना नियमांत) आहे. त्या सोसायटीचे शेवटचे ऑडिट आठ वर्षांपूर्वीचे निघाले. मेहुण्यांनी टोकन अजून दिलेले नाही.

या एजंटांकडे मी पुन्हा जाईन, फक्त तपासणीच्या दिवशी भिंतींविषयी बोलायचे नाही आणि दुसऱ्या फेरीलाही स्वतः यायचे, हे आधी ठरवून घेईन. एकतीसपैकी सत्तावीस कामे नीट झाली, भेगेच्या जागी जाळी लागली. उरलेली चार कामे पझेशन लेटरच्या मागच्या बाजूला लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन आम्ही सप्टेंबरमध्ये ताबा घेतला. खिडकीचा कोपरा त्या चारांत आहे : पट्टीची भोके मोकळी करून बाहेरून सिलिकॉन भरले आहे, गेल्या आठवड्यात यंत्रावर आकडा १५ आला आणि तपासनीसाने तो पुढच्या जुलैत पुन्हा मोजायचे कबूल केले आहे.